कंट्रोलर हाताला विचारून घ्या

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, आणि त्याच सुमारास गावोगावची तरुण पोरं विचारायला लागतात, ‘डीजे शिकायचंय, कंट्रोलर कोणता घेऊ?’ बहुतेकांनी मनात उत्तर ठरवलेलंच असतं. कुणाला चार चॅनेलचाच हवा असतो, कुणाला मधोमध पडदा असलेला, कुणाला मित्राकडे आहे त्याच्यापेक्षा एक पायरी वरचा. या सगळ्यांना, आणि त्यांच्यासाठी पैशांची जुळवाजुळव करणाऱ्या आईवडिलांना, माझं कळकळीचं सांगणं आहे. यंत्राची माहिती वाचण्याआधी ते आपल्या हाताला, आपल्या उंचीला आणि आपण वाजवणार त्या गाण्यांना सोयीचं पडतं का, ते बघा. हळदीच्या रात्री चार-चार तास उभं राहून वाजवायचं असतं. बटणं किती होती हे त्या वेळी कुणी मोजत नाही. मनगट भरून आलेलं असतं, पाठ वाकलेली असते आणि घाईत भलत्याच कळीवर बोट पडतं. गाणं तुटतं ते तिथे.

ज्यांच्या घरात हे यंत्र पहिल्यांदाच येणार आहे, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. बहुतेक कंट्रोलरमध्ये गाणी नसतात. गाणी लॅपटॉपमध्ये असतात आणि ती वाजवण्याचं काम लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर करतं. कंट्रोलर हाताच्या हालचाली त्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचवतो, आणि आत बसवलेल्या साउंड कार्डातून आवाज बाहेर काढून स्पीकरकडे व हेडफोनकडे देतो. दोन बाजूंना दोन डेक, प्रत्येक डेकवर एक गोल चकती, म्हणजे जॉग, आणि मधे मिक्सर, अशी त्याची मांडणी असते. ही मांडणी तबकड्यांच्या काळापासून चालत आलेली आहे. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा टर्नटेबल १९७२ साली आला, पायोनियरचा सीडीजे-१००० हा सीडीवर चालणारा प्लेअर २००१ साली आला, आणि दोन प्लेअरच्या मधे मिक्सर ठेवायची रीत तेव्हापासून आजवर टिकली. कंट्रोलरने हे तिन्ही एका पाटीवर आणलं. पाटी लहान करायची तर सगळ्या गोष्टी जवळजवळ येतात, आणि सोयीचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

दुकानात यंत्र समोर आलं की दिवे लावून बघायची घाई करू नका. ते बंद असतानाच दोन्ही हात त्यावर ठेवा. डाव्या हाताचा अंगठा प्ले किंवा क्यूवर असताना बाकीची बोटं जॉगच्या कडेला सहज टेकतात का? मिक्सरमधला बेसचा नॉब दोन बोटांनी धरून फिरवा. शेजारच्या चॅनेलच्या नॉबला बोट घासतं का? दोन गाणी एकमेकांत मिसळताना एका चॅनेलचा बेस कमी करत दुसऱ्याचा वाढवायचा असतो. ही हालचाल तुम्ही रात्रभर करणार आहात. नॉब दाटीवाटीने बसवलेले असतील तर जाड बोटांच्या माणसाला ते कायम त्रास देतात. उलट, ज्यांचे हात लहान आहेत, आणि शिकायला येणाऱ्यांत आता मुलीही बऱ्याच असतात, त्यांना मोठ्या यंत्रावर एका टोकाच्या पिच फेडरपासून मधल्या क्रॉसफेडरपर्यंत, म्हणजे एका डेकवरून दुसऱ्या डेकवर नेणाऱ्या आडव्या पट्टीपर्यंत, सारखं ताणावं लागतं. मोठं यंत्र म्हणजे सोयीचं यंत्र, हे सरसकट खरं नाही.

जॉगकडे नीट लक्ष द्या. क्लबमधल्या सीडीजेचा जॉग २०६ मिलिमीटर व्यासाचा असतो. न्यूमार्कच्या मिक्सट्रॅक प्रो एफएक्सवर तो सहा इंची आहे. अगदी छोट्या कंट्रोलरवर तो तळहाताएवढाही भरत नाही. पुढे निघून चाललेला ठेका हलकेच मागे ओढायचा असतो, तेव्हा मोठ्या जॉगची कड बोटाला जास्त अंतर देते आणि हात अचूक राहतो. स्क्रॅच करायची आवड असेल तर हे आणखी महत्त्वाचं. रेन वन किंवा ट्रॅक्टर कंट्रोल एस-४ ची तिसरी आवृत्ती यांच्यासारख्या यंत्रांत जॉग मोटरवर खरोखर फिरतो आणि हाताला तबकडीसारखा प्रतिसाद देतो. हात तबकडीवर बसलेला असेल त्यालाच त्याचा उपयोग. हळद, वरात आणि वाढदिवस वाजवणाऱ्याने त्यासाठी पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बऱ्याच जॉगचा वरचा पृष्ठभाग बोटाचा स्पर्श ओळखतो. मे महिन्यात कोकणातल्या मांडवात घामेजल्या हाताने तो वेडंवाकडं वागू शकतो. स्पर्शाची संवेदनशीलता कमी-जास्त करायची सोय यंत्रात किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे का, ते विचारा, आणि पिशवीत एक सुती रुमाल ठेवा.

आता पिच फेडर. गाण्याचा वेग कमी-जास्त करणारी ही उभी पट्टी. माझ्या मते यंत्रावरचा सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. लहान कंट्रोलरवर तिची लांबी साधारण ६० मिलिमीटर असते, मोठ्यांवर १०० मिलिमीटरपर्यंत जाते. नेहमीच्या ‘अधिक-उणे ८ टक्के’ या मर्यादेवर हिशेब करून बघा. ६० मिलिमीटरच्या पट्टीवर बोट एक मिलिमीटर सरकलं तर वेग सुमारे ०.२७ टक्क्याने बदलतो, १०० मिलिमीटरवर ०.१६ टक्क्याने. १२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या, गाण्यात हा फरक अनुक्रमे सुमारे ०.३२ आणि ०.१९ बीपीएमचा झाला. ०.३२ म्हणजे एका मिनिटात एक तृतीयांश ठोक्याचं अंतर पडतं. दोन ढोल एकावर एक चालले असताना एवढं अंतर नवशिक्यालाही ऐकू येतं. कानाने वेग जुळवायला शिकायचं असेल तर लांब पट्टी फार मदत करते.

याच पट्टीत आणखी एक गोष्ट दडलेली असते. कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर यांच्यातलं बोलणं बहुतेक वेळा मिडी नावाच्या पद्धतीने चालतं. ही पद्धत १९८३ सालची. तिच्या साध्या संदेशात एका पट्टीला १२८ पायऱ्या मिळतात. सोळा टक्क्यांचा सगळा पल्ला १२८ पायऱ्यांत वाटला की एक पायरी सुमारे ०.१२५ टक्क्याची होते, म्हणजे १२० बीपीएमवर ०.१५ बीपीएमची. तुम्हाला हवा तो वेग नेमका दोन पायऱ्यांच्या मधे पडला तर कितीही हळू सरकवा, तो सापडत नाही. दोन संदेश जोडून पाठवणाऱ्या यंत्रांत त्याच पट्टीला १६,३८४ पायऱ्या मिळतात आणि अडचण उरत नाही. तपासायला सोपं आहे. सॉफ्टवेअरमध्ये वेगाचा आकडा दशांशात दिसू द्या आणि पट्टी अगदी सावकाश सरकवा. आकडा टप्प्याटप्प्याने उडी मारतो की सलग बदलतो, ते लगेच कळेल.

‘सिंक बटण असताना एवढी डोकेफोड कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. याचं उत्तर आपल्या गाण्यांत आहे, आणि कंट्रोलरची परदेशी परीक्षणं वाचून निवड करणाऱ्याला ते सापडत नाही.

सिंक बटण दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवतं, पण त्याआधी सॉफ्टवेअरने प्रत्येक गाण्यावर ठोक्यांची एक जाळी टाकलेली असते. गाणं संगणकावर, ठरलेल्या वेगाला बांधून तयार झालेलं असेल तर ही जाळी शेवटपर्यंत बरोबर बसते. पण आपल्याकडे वरातीत नुसती नवी गाणी वाजतात का? जुनी कोळीगीतं वाजतात, भीमगीतं वाजतात, प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातली गाणी वाजतात, ढोलकी आणि हलगीवरची गाणी वाजतात. ही गाणी माणसांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत. कडव्यात लय किंचित सैल होते, ध्रुवपदाला येताना ढोलकीवाला तिला पुढे ओढतो. तीच त्या गाण्याची जान आहे. सॉफ्टवेअरची सरळ जाळी अशा गाण्यावर पहिल्या कडव्यात बसते आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत घसरलेली असते. सिंकवर भरवसा ठेवला तर नेमकं पब्लिक रंगात आलं असताना दोन ठेके एकमेकांवर आपटतात. काही सॉफ्टवेअर बदलत्या लयीप्रमाणे जाळी टाकण्याचा प्रयत्न करतात, तरी शेवटी हातानेच सांभाळावं लागतं. एका कानात हेडफोन, बोट जॉगच्या कडेवर, आणि लय सुटतेय असं वाटलं की किंचित पुढे किंवा मागे. म्हणून आपल्या माणसाने कंट्रोलर घेताना जॉग आणि पिच यांच्यासाठी पैसे मोजावेत. सोळा रंगांत चमकणाऱ्या पॅडसाठी मोजू नयेत.

लूपचंही असंच आहे. गाण्याचा एक तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत ठेवायचा म्हणजे लूप. बहुतेक यंत्रांवर तो आपोआप लावायची कळ असते आणि तिचं माप एक, दोन, चार, आठ, सोळा ठोके असं दुपटीने वाढत जातं. केहरव्यासाठी हे ठीक. पण दादऱ्याच्या अंगाने जाणाऱ्या गाण्याच्या सहा मात्रा असतात, तीन आणि तीन. सॉफ्टवेअरने तीन मात्रांचा मिळून एक ठोका धरला तर चारचा लूप चालून जातो. त्याने प्रत्येक मात्रा वेगळी मोजली तर मात्र चारचा लूप दुसऱ्या तिनाच्या सुरुवातीलाच कापला जातो आणि नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. तेव्हा लूप हाताने लावता यायला हवा. सुरुवातीला एक कळ दाबायची, सहा मात्रा पुऱ्या झाल्या की दुसरी. लूप-इन आणि लूप-आउट अशा दोन स्वतंत्र, बोटाखाली सहज येणाऱ्या कळा ज्या यंत्रावर आहेत, तेच आपल्या कामाचं. काही छोट्या कंट्रोलरवर या कळा नसतात, किंवा शिफ्ट दाबून दोन हातांनी मिळवाव्या लागतात. आगरी-कोळी हळदी वाजवायच्या असतील तर ही गोष्ट विसरू नका.

यंत्र कितीही चांगलं असलं तरी ते कुठल्या उंचीवर ठेवता त्यावर तुमची पाठ अवलंबून असते. मंगल कार्यालयातली टेबलं जेवायला बसण्यासाठी केलेली असतात, जमिनीपासून साधारण ७५ सेंटिमीटर. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचं कोपर उभं राहिल्यावर १०५ सेंटिमीटरच्या आसपास येतं. उभ्याने हाताचं हलकं काम करायचं तर कामाचा पृष्ठभाग कोपराच्या ५ ते १० सेंटिमीटर खाली असावा. कंट्रोलरची स्वतःची जाडी सहा-सात सेंटिमीटर धरली तर त्याच्याखालचं टेबल ९० सेंटिमीटरच्या आसपास हवं. कार्यालयाचं टेबल त्याहून वीतभर कमी पडतं, आणि तेवढ्यानेच माणूस चार तास वाकून राहतो. ज्या पेटीतून यंत्र नेता तीच पालथी घालून तिच्यावर ते ठेवा, किंवा उंची बदलता येणारा स्टँड घ्या. लॅपटॉप कंट्रोलरच्या मागे, वर उचललेल्या स्टँडवर ठेवा. तो बाजूला ठेवला की मान सारखी एकीकडे वळलेली राहते. आणखी एक गोष्ट सहज राहून जाते. दुपारी उन्हात वरात असेल तर पॅडवरचे दिवे दिसतच नाहीत. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात झगमगणारं यंत्र दारापाशी उजेडात आणून बघा. ज्यांना लाल-हिरव्यात फरक करणं अवघड जातं, त्यांनी पॅडचे रंग बदलता येतात का, हेही विचारावं.

वजनाचं थोडक्यात सांगतो. डीडीजे-एफएलएक्स४ हा दोन चॅनेलचा कंट्रोलर सुमारे दोन किलोचा आहे, त्याच घराण्यातला चार चॅनेलचा एफएलएक्स१० सुमारे पावणेसात किलोचा, आणि त्यावर पेटीचं वजन वेगळं. स्वतःची गाडी असेल तर प्रश्न नाही. पण एसटीने किंवा मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून जाणाऱ्याने हा फरक खांद्यावर घेऊन बघावा.

आता तारांकडे या, कारण लग्नाच्या लॉनवर अब्रू जाते ती बहुतेक वेळा इथेच. छोट्या कंट्रोलरवर मागे आरसीएच्या लाल-पांढऱ्या पिना असतात. घरात, दोन मीटरच्या तारेवर त्या उत्तम चालतात. लॉनवर मिक्सर किंवा स्पीकर दहा-पंधरा मीटरवर असतो, वीज जनरेटरची असते, लायटिंगची वायर शेजारून गेलेली असते, आणि त्या लांब आरसीए तारेतून घुंईं असा आवाज सुरू होतो. एक्सएलआर किंवा टीआरएसचे बॅलन्स्ड आउटपुट असलेल्या यंत्रात तार लांब नेली तरी बाहेरची कुरकुर बरीचशी आपोआप कापली जाते. तुमच्या यंत्राला ते नसतील तर डीआय बॉक्स नावाची छोटी पेटी मधे लावा. ती फार महाग नसते आणि अर्थिंगच्या घोळामुळे येणारी घुंईंही बहुधा तीच घालवते. चार्जर काढल्यावर आवाज गेला तर दोष लॅपटॉपच्या चार्जरकडून येतोय असं समजा.

माइकचं तेवढंच महत्त्व. मंगलाष्टकांपासून नवरा-नवरीच्या एंट्रीपर्यंत आपल्याकडे माइक सारखा लागतो, आणि मामा कधी येऊन माइक मागतील त्याचा नेम नसतो. माइकला स्वतंत्र आवाजाचा नॉब आहे का, तो नॉब गाण्याच्या नॉबपासून लांब आहे का, आणि लॅपटॉप बंद पडला तरी माइक चालू राहतो का, ही तिन्ही उत्तरं दुकानातच मिळवा. यूएसबीच्या ताकदीवरच चालणाऱ्या लहान यंत्रांत हेडफोनचा आवाज बऱ्याचदा कमी पडतो. जोरदार बेसच्या शेजारी हेडफोन ऐकू आला नाही तर पुढचं गाणं जुळवणार कसं? शक्य असेल तर वेगळा वीजपुरवठा जोडता येणारं यंत्र पाहा. बूथ आउटपुट, म्हणजे स्वतःसाठी लावलेल्या स्पीकरचा वेगळा आवाज, असेल तर फारच चांगलं.

यात कानांचाही प्रश्न आहे. कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी अमेरिकेतली नायोश ही सरकारी संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास अशी मर्यादा सांगते, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा करते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं होतात. डीजे वाजवणारा माणूस रात्र रात्र याच्या वर उभा असतो. बूथचा स्वतंत्र नॉब असला की समोरच्या पब्लिकला काही न कळता तुम्ही स्वतःकडचा आवाज खाली ठेवू शकता. कानात इअरप्लग घालायला लाजू नका. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, आणि या धंद्यात कान हेच भांडवल आहे. समोरच्यांच्या कानांसाठी कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद ठेवायचे आहेत, आणि सणासुदीला १२ वाजेपर्यंतची सवलत राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकतं. सुपारी घेताना वेळ लिहून घ्या. पोलीस आले की यंत्र वाजवणाऱ्याचं उचललं जातं, हळदीवाल्यांचं नाही.

लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर यांच्याबद्दल थोडं, कारण हाताची सोय त्यांच्यावरही अवलंबून असते. बटण दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर सॉफ्टवेअरमधल्या बफरवर ठरतो. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला २५६ चा बफर सुमारे ६ मिलिसेकंद घेतो, १०२४ चा सुमारे २३. पॅडवर बोटाने ठेका वाजवणाऱ्याला हा फरक जाणवतो. जुन्या, मंद लॅपटॉपवर बफर वाढवल्याशिवाय आवाज तडतडतो, म्हणून सगळे पैसे कंट्रोलरवर घालवू नका. लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि निदान ८ जीबी रॅम असू द्या, विंडोजवर कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर टाका, आणि वाजवायच्या दिवशी वायफाय व आपोआप होणारे अपडेट बंद ठेवा.

कंट्रोलरबरोबर कोणतं सॉफ्टवेअर मिळतं, ते खोक्यावर वाचा. सेराटो डीजे लाइट दोन डेकपुरतं आहे, पुढे सेराटो प्रो घ्यायचं तर वेगळे पैसे लागतात. काही यंत्रं जोडली की रेकॉर्डबॉक्सची वाजवण्याची सोय आपोआप खुली होते. हा फरक किमतीत धरा. मिक्स नावाचं मोफत, मुक्त स्रोताचं सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि पुष्कळ कंट्रोलर ओळखतं. हे असताना पेन ड्राइव्हवरून फिरणारं चोरीचं सॉफ्टवेअर टाकायची काहीच गरज नाही. ते अपडेट होत नाही, त्यात काय घुसवलेलं असतं ते कळत नाही, आणि ते वरातीच्या मधेच बंद पडलं तर दाद कुणाकडे मागणार?

पैशांबद्दल मी ठामपणे सांगेन. पहिला कंट्रोलर कर्ज काढून घेऊ नका. एका हंगामाच्या सुपाऱ्यांवर हप्ते फिटतील हा हिशेब कागदावर छान दिसतो. पण पहिल्या हंगामात सुपाऱ्या ओळखीच्या माणसांच्याच मिळतात आणि ओळखीचा माणूस पूर्ण पैसे देत नाही. दोन चॅनेलचं, नीट जॉगचं, लूपच्या स्वतंत्र कळांचं साधं यंत्र घ्या आणि वर्षभर त्यावर हात बसवा. हर्क्युलिस, न्यूमार्क, पायोनियर डीजे म्हणजे आताचं अल्फाथीटा, या सगळ्यांकडे अशी यंत्रं आहेत. चार चॅनेल लागतात कुणाला? दोन गाणी चालू असताना तिसऱ्या-चौथ्यावर ठेका किंवा एखादा आवाज जोडणाऱ्याला. तिथवर हात पोचला की तुम्हाला ते आपोआप कळेल, आणि तेव्हा पहिलं यंत्र विकून वरचं घेता येईल. क्लबमध्ये वाजवायची इच्छा असेल तर ज्याची मांडणी सीडीजेसारखी आहे, प्ले-क्यू डाव्या बाजूला खाली आणि पिच उजवीकडे, असं यंत्र निवडा. हाताला लागलेली सवय तिथे तशीच वापरता येते.

जुनं यंत्र घ्यायलाही हरकत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात, आणि आता जिल्ह्याच्या गावीही, हंगाम संपल्यावर वापरलेली यंत्रं निघतात. घेताना प्रत्येक फेडर टोकापासून टोकापर्यंत सावकाश सरकवा. मधेच आवाज खरखरला किंवा उडाला तर आत धूळ आणि गुलाल गेलेला आहे. आपल्या मिरवणुकांमुळे हा दोष इथे नेहमी सापडतो. क्रॉसफेडर एका टोकाला नेल्यावर दुसऱ्या बाजूचं गाणं पूर्ण बंद होतं का, ते ऐका. यूएसबीची तार सॉकेटमध्ये हलवून बघा. तुटक संपर्क असेल तर यंत्र चालता चालता लॅपटॉपपासून सुटतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या मॉडेलचा ड्रायव्हर आजच्या विंडोजवर किंवा मॅकवर चालतो का, हे पैसे देण्याआधी कंपनीच्या यादीत तपासा. बंद पडलेल्या कंपन्यांची सुंदर यंत्रं स्वस्तात मिळतात. वेस्टॅक्स ही नावाजलेली जपानी कंपनी २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिची यंत्रं घेतलेल्यांना कुणी वाली उरला नाही.

चप्पल आपण पायात घालून चार पावलं चालल्याशिवाय घेत नाही, तसंच कंट्रोलर वाजवल्याशिवाय घेऊ नका. ऑनलाइन दोन हजार कमी लागत असले तरी आधी कुठेतरी हात लावून या. दुकान जवळ नसेल तर गावातल्या एखाद्या ऑपरेटरला विचारा. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, साउंड लावून झाल्यावर, तो शांतपणे बसलेला असतो आणि नम्रपणे विचारलं तर बहुतेक जण पंधरा मिनिटं हात फिरवू देतात. कार्यक्रम चालू असताना मात्र त्याच्याजवळ जाऊ नका.

दुकानात जाताना स्वतःचा लॅपटॉप आणि स्वतःचे हेडफोन न्या. त्यात तीन गाणी ठेवा: एक ठरलेल्या वेगाचं नवं, एक माणसांनी वाजवलेलं जुनं ढोलकीचं, आणि एक दादऱ्यातलं. पहिल्यावरून दुसऱ्यावर सिंक न वापरता या. तिसऱ्यावर सहा मात्रांचा लूप हाताने लावा. खुर्ची दिली तरी उभ्यानेच वाजवा आणि अर्धा तास थांबू नका. मनगट, खांदा, मान, यांपैकी काय दुखतंय ते तेवढ्यात कळतं. दुकानदार एवढा वेळ यंत्राला हात लावू देत नसेल, तर पैसे खिशात ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.